दूध उकळून पिणारे सर

संध्याकाळ झाली की आमच्या पेठेच्या चौकात म्हशी यायच्या. कट्ट्यावर माणसं गिलास घेऊन उभी असायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, त्यात थेट धार काढून द्यायचे. फेसासकट कोमट दूध तिथंच उभ्यानं प्यायचं, ही कोल्हापूरची जुनी रीत. नव्वदच्या दशकात पिशवीचं दूध घरोघर पोचायला लागलं होतं, तरी आमच्या कट्ट्यावरची गर्दी हटली नव्हती.

एकच माणूस दूध घरी न्यायचा. आमच्या गल्लीत भाड्यानं राहणारे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर. झाकणाच्या किटलीत दूध घ्यायचे आणि कुणी न विचारता सांगायचे, "उकळून पीत जा. जनावराचे आजार कच्च्या दुधातून माणसाला होतात." तेही कट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या तोंडावर! मला रागच यायचा त्यांचा. पण बारावीनंतर "पोरीला आणि किती शिकवायचं?" म्हणणाऱ्या आबांशी दोन तास वाद घालून माझा कॉलेजचा फॉर्म भरला होता तो त्यांनीच. मी मानसशास्त्र घेतलं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात. आमच्या सगळ्यात दुधाळ म्हशीची शिंगं मी रंगवली. आदल्या वर्षी भर मिरवणुकीत दोरा तुटून मोरपिसं रस्त्यावर पडली होती आणि लोक हसले होते, म्हणून या खेपेला ती पातळ तारेनं आवळून बांधली. आबा दिवसभर मिशीवर हात फिरवत हिंडले. परतल्यावर गोठ्यात, गव्हाणीपाशीच, मी तार पिरगळून तोडून काढली. तुकडे वैरणीत पडले. दिसले तेवढे उचलले.

पंधरवड्यात म्हशीनं खाणं टाकलं. पाठ वर काढून उभी राहायची, बसताना कण्हायची. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या छातीखालून काठी घालून दाबली, तशी ती ओरडली. "पोटात काहीतरी टोचतंय," ते म्हणाले. "तार असंल, न्हायतर खिळा." मी गव्हाणीकडं बघितलं. चौथ्या दिवशी म्हैस मेली. आबा तिच्या मानेवर डोकं ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर निकाल लागला होता. "पिशवीवाल्यांचा माणूस हाय त्यो मास्तर. कट्टा बंद पाडायला बसवलाय हितं. त्यानंच म्हशीला कायतरी चारलं." मग एकेकाला आठवायला लागलं. कुणी सरांना गोठ्यावरून जाताना बघितलं होतं. त्याच गल्लीत राहणारा माणूस दुसरीकडून कुठून जाणार होता? त्यांच्या घरात देवाचा फोटो नाही, हेही आत्ताच सगळ्यांच्या लक्षात आलं. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, तर आबा म्हणाले, "डॉक्टरबी त्यांच्यातलाच की."

आबांनी सरांची किटली भरायचं बंद केलं. घरमालकानं महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. एका दुपारी त्यांच्या खिडकीवर दगड आला. गल्लीत जरा आवाज वाढला की मी दाराशी जाऊन बघायचे. खरं सांगितलं तर कॉलेज सुटणार, एवढंच डोक्यात फिरत राहायचं.

त्याच दिवसांत आमच्या वर्गात अफवांचा धडा चालू होता. कारण नसलेलं दुःख माणसाला सोसत नाही, त्याला कुणीतरी दोषी हवा असतो. आणि चारचौघांपेक्षा वेगळं वागणारा त्यासाठी आयताच सापडतो. हे ऐकताना मला सुटल्यासारखं वाटलं. जेवताना मी आबांना धड्यातलं सगळं समजावून सांगितलं, अगदी मुद्द्यानिशी. त्यांनी शांतपणे ऐकलं. ताटातला हात थांबवून म्हणाले, "बरं. त्यानं न्हाय मारली. मग कुणी मारली ते सांग."

माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. मी तो चावत राहिले. आबा ताट घेऊन उठले.

महिनाअखेरीला सरांच्या दारात टेम्पो उभा राहिला. गल्लीतल्या दारांमागून माणसं बघत होती, बाहेर कुणी येत नव्हतं. त्यांनी मला वाचायला दिलेली पुस्तकं परत करायचं निमित्त करून मी गेले. सरांनी ती घेतली नाहीत. "ठेव तुला, परीक्षेला लागतील," म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "आबांना सांग, दिवाळीनंतर वैरण हातानं चाळून घालत जा. पाडव्याच्या सजावटीची तार गव्हाणीत पडते. पाडव्याच्या सकाळी मी दारातून बघत होतो तुला. मोरपिसं छान बसवली होतीस."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एक शब्द बोलले असते तर दगड थांबले असते. माझं कॉलेजही तिथंच थांबलं असतं. मला रडू फुटलं. ते किटली सांभाळत टेम्पोत बसले आणि गेले.

आता मीच कॉलेजात अफवांचा तो धडा शिकवते. उदाहरण म्हणून कट्टा सांगते, डॉक्टर सांगते, खिडकीवरचा दगडही सांगते. मुलं कट्ट्यावरच्या माणसांना हसतात. मी हसू देते.

सरांचा निरोप मी आबांना कधीच दिला नाही. पुढच्या पाडव्याला मोरपिसं दोऱ्यानं बांधत बसले होते, तर आबा जवळ येऊन म्हणाले, "तारंनं बांध की गं. गेल्या वर्षी किती घट्ट बसलीती."

"दोरा बरा दिसतो," मी म्हणाले, आणि मान खाली घालून गाठी मारत राहिले.