सवाष्णीचा टाका

मैमूना पिंजारीण परतूरकरांच्या पहिल्यांदा नजरेत भरली ती भर बाजारात. बद्रीनाथशेठनं ‘अस्सल रुईची’ म्हणून मांडलेल्या गादीच्या उसवलेल्या कडेतून तिनं कोपरापर्यंत हात घातला, मूठभर ऐवज बाहेर काढला, हुंगला आणि तिथंच टाकला.

“ही रुई न्हाई शेठजी, गोदामातला केर है. म्हशीखाली टाका.”

बाजार हसला. शेठही हसला, पण त्यानं ते ध्यानात ठेवलं.

मैमूनाचा नवरा फकरोद्दीन तापानं गेला, तेव्हा त्याची कापूस पिंजायची धनुकली तिनं खांद्यावर घेतली. लोक घरचा कापूस देत, ती पिंजून देई, मजुरीवर चूल पेटे. हंगामात कापूस स्वस्त असताना आपलाच घेऊन ठेवावा आणि थंडीत रजया शिवून विकाव्यात, एवढाच तिचा बेत. त्याला भांडवल पाहिजे होतं.

निजामाचं राज्य गेल्यावर गावात सोसायटी निघाली. ‘गरीब कारागिरांस कर्ज’ असं दारावर ठळक रंगवलं होतं. चेअरमन कोण, तर बद्रीनाथशेठ. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

“जामीन कोण?” शेठनं लोडाला टेकूनच विचारलं.

मैमूनानं भाजीवाल्या नंदाबाईला पुढं केलं.

“बाईमाणसाचा जामीन चालत न्हाई.”

मंग तिनं आपल्या भावाला, अजमतला आणलं.

“टांगेवाला? त्याचा टांगा उद्या जालन्याला गेला तर मी काय घोड्याच्या मागं पळू? जमीनवाला आण.” आणि आवाज खाली आणून, “न्हाई तर दुकानावर ये. कापूस मी देतो. रजया मात्र मलाच घालायच्या, मी ठरवीन त्या भावानं.”

सोसायटीच्या दारातून हाकलायचं आणि दुकानाच्या दारातून आत घ्यायचं, हा तो डाव. मैमूनानं त्याच्याकडं पाहिलं. गादीतल्या केराकडं पाहिलं होतं तसंच.

“खुदा तुमची बरकत तुमच्याच जवळ ठेवो,” म्हणाली आणि पायरी उतरली.

त्याच साली शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतातल्या गाद्या-रजयांचा कापूस नवरीच्या अंगणातच पिंजायची रीत. गावात दुसरं पिंजारी घर नव्हतं. मैमूना आली. तिनं अंगणभर कापूस असा फुलवला, की मांजर शिरलं तर सापडू नये. मंग सुई ओवली.

“अगं अगं, थांब!” शेठाणी पुष्पाबाई धावत आल्या. “नवरीच्या रजईला पहिला टाका सवाष्णीचा. तू रांडावलेली. मागून घाल.”

मैमूनानं सुई पदराला टोचली. “पहिला सवाष्णीचा, तर शेवटचाबी सवाष्णीचाच होऊ द्या, शेठाणी. बिलकुल शुभ होईल.” आणि धनुकली उचलून घरी गेली.

गल्लीतल्या सवाष्णी हौसेनं बसल्या. रजई झाली, पण सगळा कापूस एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला नुसतं कापड. वारा सुटला तसा उरलेला कापूस शेजाऱ्यांच्या ताटात जाऊन पडू लागला.

शेठ स्वतः मैमूनाच्या दारात आला.

“मैमूनाबी, लग्न तोंडावर आलंय. काय मजुरी घेतीस बोल.”

“मजुरी ठरली तीच. जामीन तेवढा पाहिजे.”

“कोणाचा?”

“तुमचा. तुम्ही बाप्या हाव, जमीन है, टांगाबी न्हाई की पळून जाल.”

दाराशी नंदाबाई पदरात तोंड दाबून हसत होती. शेठ घाम पुसत सोसायटीत गेला आणि ज्या कागदावर कुणाचीच सही चालत नव्हती, त्यावर आपली करून आला.

रजई उसवून पुन्हा भरली, आणि पहिला टाका मैमूनानंच घातला. शेठाणींनी तेवढा वेळ तोंड भिंतीकडं केलं होतं.

ते कर्ज केव्हाच फिटलं. आता मैमूना स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याच्या दुकानात स्वतःच्या रजया विकते, आणि कापूस बद्रीनाथशेठकडून घेत नाही.