गेलेल्या सोबत्याची नक्कल

जबलपूरच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथे मातीचे नळे आणि बरण्या भाजत. भट्टीची धग होतीच, वर गोऱ्या साहेबाचा धाक. त्या शेडमध्ये आम्ही टिकलो ते एका नकलाकारामुळे. तो जवळच्याच गढा गावचा, हिंदी बोलणारा, साच्यांवर काम करायचा. साहेबाची पाठ वळली की हा त्याचीच चाल चालत, त्याच्याच आवाजात आम्हाला दटावायचा. हसता हसता हातातली माती गळून पडायची, आणि मग दुपारपर्यंत काम हलकं जायचं.

पण त्याची गाजलेली नक्कल साहेबाची नव्हती. आमच्यात एक वऱ्हाडी सोबती होता, आईसोबत राहणारा. भाकर खायला हाक मारली की तो लांबूनच ओरडायचा, "आलोच! हात धुऊन राहिलो ना!" आणि लवकर यायचा मात्र नाही. नकलाकाराला मराठीचा गंध नव्हता, तरी ते वाक्य तो असं म्हणायचा की आम्ही मागे वळून बघायचो. सगळ्यात जास्त हसायचा तो सोबतीच.

पटकीच्या साथीत तो गेला. सकाळी कामावर होता, दुसऱ्या सकाळी नव्हता. नकलाकार साहेबाचीसुद्धा नक्कल करेना. शेड गप्प झाली, माणसं उगीच एकमेकांवर खेकसू लागली.

एका दुपारी सुट्टीत गेलेल्या सोबत्याची आई फाटकापाशी आली. मला म्हणाली, "तुमच्यात कोणी त्याच्यासारखं बोलते म्हणे. मले एकदा ऐकू द्या."

मी नकलाकाराला सांगितलं. तो मागे सरकला. "नहीं भैया, वो तो खेल था." पण बाई हलेनात. शेवटी त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि तेच वाक्य म्हटलं.

बाईंचे डोळे मिटलेले होते. "काहून एवढा उशीर रे? अन्न थंड होऊन राहिलं."

नकलाकाराला ते काही कळलं नाही. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

त्यानंतर तो दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागला. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भैया, और कुछ सिखा दो. माँजी कुछ भी पूछें, मैं हाथ ही धोता रहता हूँ." आम्ही दोघं खूप हसलो. आजूबाजूचे चमकून बघू लागले. साथीनंतर तिथे कोणी हसलंच नव्हतं.

मी त्याला वाक्यं शिकवली. जेवलो, आई. पाय दुखून राहिले का? तू झोप आता.

पुढच्या रविवारी मी सोबत गेलो. बाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. तो दारातून बोलला, आणि माझ्या गेलेल्या मित्राच्या आवाजात माझी वाक्यं आली, त्याने जिवंतपणी कधी न म्हटलेली. बाई एकेका वाक्याला उत्तर देत गेल्या, लेकाला देतात तसं. मला आत पाऊल टाकवेना. मी ओट्यावरच बसून राहिलो. आत दोघांचं बोलणं चाललंच होतं.