अण्णाच्या ट्रकची पूजा

हे लिहायला बसण्याआधी मी दाराची कडी लावली. एचएसआर लेआउटमधल्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच राहतो, या मजल्यावर मराठी वाचणारं दुसरं कुणी नाही, तरीही लावली. जे सांगायचं आहे ते आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही — आईजवळ नाही, मित्राजवळ नाही, झोपेत बडबडलो असेन तर देव जाणे. मला भीती वाटते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मध्येच मी गोष्ट भलतीकडे न्यायला लागलो तर तुमच्या लक्षात येईल.

माझा मोठा भाऊ, अण्णा, होसकोटेला राहतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, कन्नड मुलखातले मराठी. घरात मराठीच बोलतो, पण तिच्यात इतकं कन्नड मिसळलंय की पुण्याचे पाहुणे ऐकून हसतात. अण्णा तिथल्या कारखान्यांच्या कामगारांची बस चालवायचा. साखरेच्या आजारात त्याच्या एका डोळ्याची नजर गेली आणि बस सुटली. तो चिडला नाही, रडला नाही. नुसता खिडकीत उभा राहून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि आत स्वयंपाकघरात वहिनीला सांगायचा, आता ह्याने तिसरा गिअर टाकला.

मग कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने ट्रक चालवायचा गेम पाहिला. खरोखरीचं स्टिअरिंग जोडता येतं, पायाखाली ब्रेक-क्लच ठेवता येतात, हे कळल्यावर त्याने मला फोन केला — लाजत, आडवळणाने, जणू दुसऱ्याच कुणासाठी विचारतोय. गेम चालेल असा कॉम्प्युटर हवा होता, पण स्वस्तातला. पैसे वहिनीचे होते. ती एका बालवाडीत शिकवायची. मी म्हणालो, तुम्ही कुणी काही बघू नका, एकेक भाग मी निवडतो.

आणि हे काम मला येतं. खोटी विनयशीलता कशाला? व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात लोक मला विचारल्याशिवाय ग्राफिक्स कार्ड घेत नाहीत. कमी पैशात मशीन बसवणं म्हणजे इथे थोडं कापायचं, तिथे थोडं घालायचं. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालतो. कॅबिनेट साध्या पत्र्याचं चालतं. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं चालतं, पण तपासून घ्यायचं. एकाच ठिकाणी हात आखडायचा नाही — पॉवर सप्लायला. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा तो लोखंडी डबा. तो दिसत नाही, त्याने गेम जोरात पळत नाही, म्हणून नवशिके नेमके तिथेच पैसे वाचवतात आणि मग मशीन जाळून घेतात. हे व्याख्यान मी कितीजणांना दिलंय! अण्णालाही दिलं. त्याने मान डोलावली आणि मी वहिनीच्या पैशातून चांगला, भरवशाचा पॉवर सप्लाय आणला.

आणला — आणि माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये बसवला.

माझा जुना पॉवर सप्लाय कुरकुरायला लागला होता. ऐन गेममध्ये मशीन बंद पडायची, मागून करपल्यासारखा वास यायचा. तो मी काढला, फडक्याने पुसून चकचकीत केला आणि अण्णाच्या कॅबिनेटमध्ये घातला. मनाशी काय म्हणालो ते आठवतं — अण्णाचा गेम हलका, दिवसाला तासभर खेळणार, त्याला एवढा पुरे. मी स्क्रू आवळत होतो आणि अण्णा शेजारी टॉर्च धरून उभा होता, बरं का! वहिनीने दारातून विचारलं, सगळं सरी आहे ना? सरी म्हणजे ठीक, आमच्या घरात आम्ही तसंच म्हणतो. मी सरी म्हणालो.

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो अपराध. मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा आहे.

अण्णा सुखी झाला. खाकी शर्ट घालून खेळायला बसायचा. वहिनी चहा घेऊन आली की ट्रक कडेला लावायचा, इंडिकेटर देऊन. मग एक दिवस त्याने फोनवर सहज सांगितलं की मशीनमागून काहीतरी तापल्याचा वास येतो. भरलेल्या बसमध्ये क्लच जळायच्या आधी ज्याला वास यायचा, असा तो माणूस. मी म्हणालो, नवीन आहे, काही दिवस येतोच वास. तेव्हाही वेळ होती. त्याच रविवारी जाऊन डबा बदलता आला असता. पण का बदलतोस, असं अण्णाने विचारलं असतं तर? त्या एका प्रश्नाला भिऊन मी गेलो नाही.

भीती तेव्हापासूनची आहे. ती गेली असं एकदाही झालेलं नाही.

खंडेनवमीला मात्र जावंच लागलं. इथे त्या दिवशी यंत्रांची पूजा जोरात होते — रिक्षा, बस, लेथ, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार. अण्णा नोकरीत असताना बसला केळीचे खुंट बांधून सगळ्या कामगारांना चुरमुरे वाटायचा. यंदा बस नव्हती. म्हणून त्याने काय केलं असेल? कॉम्प्युटर चालू केला, गेम लावला आणि आपला ट्रक पडद्यावर समोरून उभा केला. इंजिन चालू. वहिनीने कॅबिनेटवर हार घातला, पडद्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं आणि निरांजनाने त्या ट्रकला ओवाळलं. अण्णा हात जोडून उभा होता, नजर असलेला डोळाही मिटून. शेजारचे लोक कौतुकाने हसत होते. मी एकटा पंख्याचा आवाज ऐकत होतो. गेम पूर्ण जोरात चालू होता आणि मागून तो वास येत होता, अगदी थोडा, उदबत्तीच्या आड. मी बंद कर म्हणू शकलो असतो. पूजेत कसं म्हणायचं?

नंतर गेम तसाच चालू ठेवून, दृष्ट काढायचा कोहळा फोडायला सगळे खाली गेले, अण्णाच्या स्कूटरपुढे. वहिनी शेवटी उतरली. कोहळा फुटला, मुलं ओरडली, आणि तेवढ्यात कुणीतरी वर बोट दाखवलं. खिडकीतून धूर येत होता.

अण्णा माझ्याआधी वर पोचला. त्याने मेन स्विच पाडला, खिडकीचा पेटलेला पडदा दोन्ही हातांनी ओढून काढला आणि पायाखाली तुडवला. त्याच्या तळव्यांची कातडी निघाली. शेजाऱ्यांनी त्याला न्हाणीघरात नेलं, नळाखाली धरलं. आणि खोलीत मी राहिलो — एकटा, जेमतेम श्वासभर.

आता सांगतो.

कॅबिनेट मागच्या बाजूने काळं पडलं होतं, बरोबर पॉवर सप्लायच्या जागी. हार तिथेच पेटला होता, तिथून पडदा. ज्याला थोडंफार कळतं त्याने एकदा वाकून पाहिलं असतं तरी समजलं असतं. आणि निरांजन? निरांजन टेबलावर नव्हतंच. ते पलीकडच्या खिडकीत होतं, भिंतीच्या आडोशाला, तिथला पडदा नीट बाजूला सारून ठेवलेलं. शांतपणे जळत होतं. खाली उतरण्याआधी वहिनीने ते उचलून तिथे ठेवलं होतं, जशी ती प्रत्येक सणाला ठेवते. मी ते उचललं. टेबलाशी आलो. कॅबिनेटच्या मागे, जिथे सगळ्यात जास्त जळलं होतं, तिथे आडवं केलं.

तूप बोटावर सांडलं आणि फोड आला. वेदनेने मी ओरडलो, तेव्हा लोक धावत आत आले.

आधी मला काही बोलावंच लागलं नाही. सगळ्यांनी निरांजन पाहिलं. वहिनी म्हणाली, "मी खिडकीत ठेवलं होतं." अण्णा भिजलेले हात पुढे धरून दारात उभा होता. तो म्हणाला, "मग इथं कसं आलं?" त्यात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घाईत राहिलं असेल, वहिनी."

तिने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं — निदान मला तरी. तिचा चेहरा भीतीने कसा झाला ते मी पाहिलं. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिची आई शेवटची वर्षं सगळं विसरत गेली होती. सुरुवात अशीच झाली होती, गॅस चालू ठेवून देवळात जाण्यापासून. खोलीतल्या प्रत्येकाला तेच आठवलं, आणि प्रत्येकाने दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळाने वहिनी मलम घेऊन आली. अण्णाचे हात झाल्यावर तिने माझं बोट हातात घेतलं, फुंकर घालून मलम लावलं आणि म्हणाली की माझ्यामुळे तुला किती लागलं. मी बोट काढून घेतलं नाही.

जळलेलं कॅबिनेट टाकायला मीच नेलं. रिक्षात मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरने विचारलं, काय झालं सार, तर मी दिव्याने पेटलं म्हणालो. कन्नडमधूनही तेच खोटं, जराही न अडखळता.

त्यानंतर काय झालं ते सांगितलं नाही तर हे अर्धंच राहील. वहिनीने बालवाडी सोडली. तिथल्या मुख्य बाईंनी थांबवलं, मुलांचे आईबाप येऊन गेले. ती म्हणाली, बागेत नेलं आणि एखादं पोर मोजायला विसरले तर? घरात आता वातीचा दिवा लागत नाही, देवापुढे विजेचा छोटा बल्ब आहे. अण्णा तिला गॅसपाशी एकटं सोडत नाही. प्रेमाने, सांभाळून घेत, स्वल्प, म्हणजे जरा, मीच बघतो असं म्हणत तो मागे मागे फिरतो. आणि ते तिला जास्त लागतं. डॉक्टर झाले. त्यांनी कोडी घातली, चित्रं दाखवली, सगळं नीट आहे म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही. नीट असतं तर दिवा टेबलावर कसा राहिला असता?

तिला आठवणीचा अभिमान होता हो. नात्यातल्या सगळ्यांचे वाढदिवस, कुणाला कुठली भाजी चालत नाही, माझ्या शाळेतल्या मास्तरांची नावं — मी विसरलेली, तिला पाठ. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेतच होतो, माझा डबा ती भरायची. आता बाहेर पडताना ती मला व्हिडिओ कॉल करते. फोन शेगडीवर धरते आणि विचारते, बंद आहे ना रे? नीट बघ. तिला स्वतःच्या डोळ्यांची खात्री नाही, माझ्या डोळ्यांची आहे. फोनवर तिचं नाव उजळलं की दर वेळी वाटतं — कळलं हिला, आज कळलं! आणि मग शेगडी दिसते. बंद असते. कायम बंदच असते.

पकडला जाईन, ही भीती आहेच. पण अलीकडे मला दुसरीच भीती जास्त वाटते — की कधीच पकडला जाणार नाही. अण्णाच्या काही लक्षात येणार नाही, ते कॅबिनेट कुठल्या भंगारात वितळून गेलं असेल, आणि खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवसाची खरी आठवण फक्त दोघांपाशी होती, आणि त्यातल्या एकीची मी काढून घेतली.

मागच्या रविवारी जेवायला गेलो होतो. अण्णा आत आडवा झाला होता. वहिनी माझ्यासमोर बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. मध्येच तिने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"तुला एक सांगू? अण्णाला सांगू नकोस. मी निरांजन उचललं, खिडकीत ठेवलं, पडदा सारला — हे मला अजून दिसतं रे. इतकं स्वच्छ दिसतं. आईला पण असंच, न झालेलं दिसायचं."

शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या. ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, आणि ते माझ्या जिभेवर होते.

"एकदा डॉक्टरांना सांग हे, वहिनी," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.