गुणाबाईचा बिनदुधाचा चहा

पळस्प्याच्या फाट्यावर गुणाबाईची टपरी होती तेव्हा गोव्याकडे निघालेले ड्रायव्हर तिला आई म्हणायचे. चहा एकाच जातीचा. पाणी, दूध, साखर, पावडर, आलं सगळं एकदम पातेल्यात, आणि विटेचा रंग येईपर्यंत उकळायचं. एका ट्रकवाल्याने त्यात पाव बुडवला तर पाव उभाच राहिला, हे मी सांगायला लागलो की ती म्हणते, "भावोजी, तुमच्या तोंडाला झाकण नाय."

असो. आता टपरी गेली, गुडघे गेले, आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे मिठागरातल्या माझ्या जोडीदाराला, आनंदाला, डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद केलाय. आनंदाच्या घशाखाली सकाळच्या गोळ्या चहाबरोबरच उतरतात, पाण्याबरोबर दिल्या की थुंकतो. गोळ्या चुकल्या की पाय सुजतात. म्हणून उभा जन्म चहा विकलेली ही बाई या वयात चहा शिकायला लागली.

सून दिपिका कामावर निघता निघता शिकवायची, "आई, आधी नुसतं पाणी उकळा. गॅस बंद करा, मग पत्ती टाका आणि झाकण ठेवा."

"गॅस बंद केल्यावर चहा व्हतो कसा गो?" म्हणत गुणाबाईने हिरवा चहा टपरीच्या सवयीने रटरट उकळला. आनंदाने पहिलाच घोट मोरीत थुंकला. लिंबाच्या चहात तिच्या हातून आपोआप दूध पडलं, ते फाटलं. गवती चहाला आनंदा म्हणाला, "हा काढा तूच पी." फसलेला प्रत्येक चहा मग माझ्या वाट्याला. मी हौसेने प्यायलो! हिरवा तर असा, की करंजा बंदराच्या धक्क्यावरचं मासळीचं जाळं चाटल्यासारखं वाटलं.

गुणाबाई मात्र हसायची नाही. भिंतीला टेकून पाय चोळत बसायची.

शेवटी कोरा चहा जमला. लाल, नितळ. आनंदाने कपात पाहिलं आणि तोंड फिरवलं. "मी जिता हाय अजून."

आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी आपल्या घरी कोरा चहा करून किटलीतून आणतात. तो चहा आम्ही सगळ्यांनी प्यायलाय, आणि तेव्हाच प्यायलाय.

दुसऱ्या दिवशी गुणाबाईचे गुडघे धरले, उठवेना. म्हणून शेजारच्या गोदूबाईने मायेने छान कोरा चहा केला आणि आणला कशातून, तर किटलीतून! दारात किटली दिसताच आनंदा ओरडला, "कोन गेला गो? मीच गेलो काय?"

"मेलेला मानूस एवडा वरडतो व्हय!" म्हणत गोदूबाई किटलीसकट माघारी. गोळ्या पुन्हा तशाच राहिल्या. संध्याकाळी आनंदाचे पाय चपलेत मावेनात.

पुढच्या सकाळी मी गेलो तेव्हा गुणाबाई ओट्याला धरून उभी होती. पाणी उकळलं, गॅस बंद केला, पत्ती टाकली, झाकण ठेवलं. कप आणि गोळ्या आनंदापुढे ठेवून खाली बसली.

"नको बोललो ना?"

"अवो, मयताचा चहा शेजारून येतो का नाय?"

"येतो."

"कारन त्या घरातली चूल इझलेली असते. हा मी माझ्या गॅसवर केलाय, तुमच्या डोळ्यांदेखत. चूल पेटली म्हंजे घरात कोन मेलेला नाय." मग हळू म्हणाली, "माज्यात आता आनखी एक चहा शिकायची ताकद नाय वो."

आनंदा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, घोट घेतला. "कडू हाय."

"हाय."

त्याने कप संपवला. गुणाबाई तोवर भिंतीला डोकं टेकून तिथेच घोरत झोपली होती.