गच्चीची हरवलेली किल्ली

"असू द्या हो!" असे म्हणून त्या माशी हाकलावी तसा गुन्हा हाकलून देत. आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ह्या निवृत्त शिक्षिका. वाचकहो, क्षमाशील माणसे दुरून फार गोड दिसतात. त्यांच्याखाली राहून पाहा.

दूधवाल्याने पाणी घातले, की बाई म्हणत, "असू द्या हो, म्हैस आजारी असेल त्याची." अशा व्यक्तीच्या हाती सोसायटीने गच्चीची किल्ली दिली होती.

एका वैशाखात बाईंनी वर्षाचा गहू गच्चीवर चादर अंथरून वाळत घातला होता. तो पदरात भरून घेताना रखवालदाराच्या बायकोला मी पकडले. सुरगाण्याकडची बाई. "माणूस तापानं पडलाय साहेब, दोन दिस चूल नाय पेटली."

हे कारण झाले, बचाव नव्हे. मी कलमांसह दोन पानी फिर्याद लिहिली. ती पोलिसांत गेली असती, तर त्या कुटुंबाची जिन्याखालची खोली त्याच दिवशी सुटली असती. सुटावी, असेच माझे मत होते. मात्र गहू बाईंचा, म्हणून सही बाईंची हवी होती. रखवालदाराच्या बायकोला सोबत घेऊनच मी त्यांच्या दारी गेलो.

बाईंनी फिर्याद शेवटपर्यंत वाचली. "अक्षर सुंदर हो तुमचं! पण चोरी कसली? मीच सांगितलं तिला, ने म्हणून."

"कधी सांगितलंत?"

"आत्ता."

मग त्या तिच्याकडे वळल्या. "अगं, कच्चा गहू काय खाणार? पीठ ने." पिठासोबत गूळही निघाला. तो बांधायला कागद हवा होता. बाईंनी माझ्या फिर्यादीचे दुसरे पान घेतले. माझ्यादेखत!

पुढल्या वैशाखात चादरीशेजारी गोणपाटावर वेगळा गहू दिसला.

"हा कुणाचा?"

"ज्याला लागेल त्याचा."

गच्चीला कुलूप लावण्याविषयी मी त्यांना तीन पत्रे दिली. दर वेळी किल्ली हरवलेली असे. असली माणसे पुराव्याअभावी जन्मभर मोकळी सुटतात.

गेल्या माघात बाई वारल्या. सोसायटीने रीतसर पोच घेऊन किल्ली माझ्याकडे दिली. वैशाखात गच्चीवर गेलो, तर तेच गोणपाट अंथरलेले आणि त्यावर नागली, म्हणजे आपली नाचणी.

"ही कुणाची?" मी रखवालदाराच्या बायकोला दरडावले.

"बाईंची," ती म्हणाली. "गावाकडून आणली. ज्याला लागंल त्यानं न्यावी."

त्याच आठवड्यात, गच्ची उघडी का, अशी सोसायटीने लेखी विचारणा केली. किल्ली सापडत नाही, असे मी उत्तर दिले आहे. दोन प्रतींत, सहीनिशी.