मामाच्या मोटारीतला लाल दिवा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या मामाच्या मोटारीची जी फजिती झाली, तिचं कारण मी होतो. आणि मामाबद्दल बोलायचं तर, साऱ्या वऱ्हाडात त्याच्याइतका हट्टी माणूस नव्हता आणि त्याच्याइतका चटकन विश्वास ठेवणाराही नव्हता. बाळापूरच्या एका व्यापाऱ्यानं त्याला बैल विकताना सांगितलं की हा गाणं ऐकल्याशिवाय चालत नाही. मामा अख्खा हंगाम त्या बैलामागे अभंग म्हणत हिंडला. बैल सुधारला नाही, मामाचा गळा मात्र सुधारला.

परतवाड्याच्या वाटेवर त्याचा संत्र्यांचा बगीचा होता. एका बऱ्या सालात त्यानं अकोल्याच्या अडत्याकडून जुनी मोटार आणली. गावातली पहिलीच. थंडीत तो तिच्यावर गोधडी घाली, आणि वाटेत मारुतीचं देऊळ लागलं की हातातलं चाक सोडून दोन्ही हात जोडी. शेजारी बसलेले लोक मग त्याच्याहून भक्तिभावानं जोडत. कोणाच्याही लग्नात नवरदेवासाठी मोटार फुकट. विहीर कुठं खणावी, सोयरीक कुठं करावी, हे विचारायला माणसं तिच्या पायरीवर येऊन बसत आणि मामा आत चाकामागे बसून निवाडा देई.

त्या मोटारीत चाकासमोरच्या फळीवर एक लाल दिवा होता. तो विझतच नसे. मामानं दिसेल तो स्क्रू पिळला, दिव्याची काच चिंचेनं घासली, नारळ फोडला. शेवटी त्यावर झेंडूचं फूल अडकवलं, तर फुलातूनही तांबडं दिसे. बॅटरी सारखी उतरायची. ती बैलबंडीत घालून तो अमरावतीला भरून आणी आणि म्हणे, "तहान लय हाय तिले."

मामी म्हणाली, "अवो, लाल सिंगल पाह्यला की रेल्वे थांबते, अन् तुमी तसेच पुढं पयता."

"रेल्वे सरकारची हाय. मोटार आपली हाय."

मोटारीसोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मी तेव्हा अमरावतीच्या कचेरीत नुकता कारकून लागलो होतो. सुट्टीत गेलो, तर मामानं अंगणात पाट मांडला, रिवाजाप्रमाणे माझ्या पाया पडला आणि पुस्तक हातात दिलं. आमच्याकडे भाचा देवाच्या जागी. त्याचा शब्द मामानं मोडायचा नसतो. भोवती निम्मं गाव. माझं इंग्रजी कचेरीतल्या ठरल्या वाक्यांपुरतं, आणि त्या पानावर ओळखीचा शब्द सापडेना. 'मला कळत नाही' एवढं म्हणायचं होतं. मी पान उलटलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "दिवा लागलेला असला म्हणजे यंत्र जागं आहे. विझला तरच काळजी."

मामा मामीकडे वळला. "आयकलं? भाचेबुवानं वाचून सांगतलं."

त्यानंतर कोणी काही सुचवलं की मामा एवढंच म्हणे, "भाच्यानं वाचलं हाय." अकोल्याला गेला की मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीतूनसुद्धा जात नसे.

मग शेजारच्या पोराचं परतवाड्याला लग्न निघालं. नवरदेव मोटारीत, मागे त्याचा भाऊ आणि मी. परतवाड्याची वेस दिसू लागली आणि तो दिवा मंद होत होत विझला. नवरदेवाला आनंद झाला. "मामा, गेला बा एकदाचा."

मामाचा चेहरा उतरला. "भाचेबुवा, दिवा इझला," तो हळूच म्हणाला. पाठोपाठ मोटार थांबली. बॅटरी भरत नाही, हेच तो दिवा इतके दिवस सांगत होता आणि ती संपली तेव्हा तोही विझला, हे मला पुढं कळलं. हँडल मारून मारून नवरदेवाच्या भावाचे हात सोलले, पण ती हलली नाही. मागून वांग्यांची बंडी येत होती. तिच्यात बसून नवरदेव मांडवात पोचला तेव्हा मुहूर्त टळून गेला होता.

मुलीचा बाप मांडवाच्या दारातच उभा होता. "काहून जी, भाच्यानं वाचून सांगतलं म्हनत होते ना?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी बाशिंगाला चिकटलेला वांग्याचा देठ काढत होतो.

"त्यानं बरोबरच वाचलं होतं," मामा म्हणाला. "मीच उलटं समजलो. मले कुठं इंग्रजी येते."

त्या दिवसापासून मामाला कोणी काही विचारायला आलं नाही. उलट त्याचंच नाव 'लाल दिवा' पडलं. मोटार त्यानं मिळेल त्या किमतीला काढून टाकली. माझ्यापाशी तो विषय कधी काढला नाही, आणि पुढच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा पुन्हा तसाच पाया पडला. मीही पडू दिलं. त्याला खरं ठाऊक होतं की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही. आता तो नाही.

मामी आहे. पाहुणे आले की ती हा किस्सा रंगवून सांगते, "यायले सांगतलं एक अन् हे समजले दुसरंच," म्हणत डोळे पुसेपर्यंत हसते. मी समोर असलो तर मीही हसतो. मामा चुकला नव्हता, मला ते पुस्तक वाचता आलं नव्हतं, एवढं मामीला सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.