भरमाअण्णांचा फळा

१९९६ साली बेळगावात, शहापूरच्या त्या बोळात एकच फोन होता, आणि तो भरमाअण्णांकडे होता. त्यामुळे बोळातल्या नोकरीच्या अर्जांवर आणि लग्नाच्या मुलींच्या माहितीच्या कागदांवर अण्णांचाच नंबर असे. एवढं पुण्य कुणालाही पुरलं असतं. पण पुतण्याने परदेशातून एक संगणक पाठवला आणि अण्णांचं डोकं फिरलं.

"एकाच येळी चार कामं करतंय बघ हे," ते बायकोला सांगत.

"व्हय? मग तुमी एक तरी करा की," जयाबाई म्हणत.

अण्णांनी तो टीव्हीला आणि फोनला जोडून बुलेटिन बोर्ड सुरू केला. ज्याच्याकडे संगणक असेल त्याने अण्णांचा नंबर लावायचा. अण्णांचं यंत्र शिट्टी घालून फोन उचलणार, मग त्याने निरोप लिहायचा, दुसऱ्यांचे वाचायचे. कोपऱ्यावर मंडळाचा फळा असतो ना, तसंच. अण्णांनी नावही 'फळा'च ठेवलं. वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा बोळ झोपतो. लिहिणारे मोजून पाच. अण्णा पडद्यावर पुढे पत्त्यांचा डाव मांडत आणि मागे कोण काय लिहितंय ते अक्षर न अक्षर वाचत. मालकाचा हक्क म्हणे!

शेजारच्या यल्लूबाईंच्या रचनाला निपाणीच्या रविराजने पाहिलं. होय-नाही फोनवर कळवतो, मुलाकडचे म्हणाले. आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी कळलं ते भलतंच. मुलाचे मामा दुपारी जेवून हात धुतल्यावरच, म्हणजे दोननंतर, फोनला बसणारे. त्यांनी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा कान फाटेल अशी शिट्टी ऐकली. मुलीकडचे थट्टा करतात म्हणून ते बिथरले होते. अण्णांनी समजवायला फोन केला, तर नाव ऐकताच मामांनी तो आपटला.

"माझ्या पोरीच्या लग्नात शिट्ट्या मारतंय व्हय तुमचं डबडं?" यल्लूबाई कडाडल्या.

अण्णांचा चेहरा उतरला. रचना त्यांच्याच ओसरीवर खेळून मोठी झालेली. "स्थळ मोडलं तर फळा बंद. यंत्र माझ्या हातानं फोडतो," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

फळ्यावर लिहिणाऱ्यांत निपाणीचे भीमरत्न सर होते. अण्णांनी त्यांना लिहिलं: मामांना तुमच्या घरी न्या, शिट्टी कशाची ते दाखवा.

दुसऱ्या दुपारी बोळ झोपलाच नाही. सगळा अण्णांच्या टीव्हीपुढे. अडीचला शिट्टी झाली आणि एकेक अक्षर उमटू लागलं. 'मामांना पटलं. त्यांचा' एवढंच आलं आणि पडदा गप्प. आतल्या खोलीत जयाबाईंनी सवयीने त्याच लायनीवरचा जोडफोन उचलून "हॅलो" म्हटलं होतं.

"जयाक्का, ठेवा त्यो!" सगळा बोळ ओरडला.

पाच मिनिटांनी पुन्हा शिट्टी. 'मामांचा होकार आहे.' यल्लूबाईंनी हात जोडले. पण अक्षरं थांबली नाहीत. 'मी रविराज. माझाही आहे. पण रचनाला कुणी विचारलं का?'

कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांचे निरोप वाचणाऱ्या अण्णांनाही ते सुचलं नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. रचना पुढे आली, खुर्चीत बसली आणि मागे वळून म्हणाली, "सगळी भायेर जावा. अण्णा, तुमी बी."

मालकाचा हक्क गिळून अण्णा बाहेर आले.

चार वाजले, साडेचार झाले. आत बटणं खटखटत होती, मध्येच रचनाचं हसू ऐकू येई. बोळाच्या टोकाचा शामू धावत आला. त्याला काकतीला फोन लावायचा होता.

यल्लूबाई पदर खोचून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आज फोन न्हाय मिळायचा," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी बोलाय लागलीया."